उचंत खात्यातील चोपन्न नावे

सप्तशृंगगडाच्या पायथ्याशी वसलेल्या वणी गावाला लढाऊ विमानाचा आवाज नवा नाही. ओझरच्या विमानतळावरून उडालेले सुखोई दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवरून गडगडत गेले, की वर्गातील शिक्षक क्षणभर थांबतात, आवाज विरतो आणि गणित पुढे चालू होते. १९६४ साली ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या परिसराचे आणि आकाशाचे नाते जडले आहे. २०१८ आणि २०२४ या दोन्ही वर्षी जून महिन्यात निफाड तालुक्यात सुखोई विमाने कोसळली. दोन्ही वेळी वैमानिक वेळीच बाहेर पडून सुखरूप जमिनीवर उतरले, आणि ते सुखरूप असल्याची बातमी पाहता पाहता साऱ्या जिल्ह्यात पसरली. आकाशातून उतरलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे कळणे इतके सोपे असते. किंबहुना ते कळणारच, असे आपण गृहीत धरतो.

परंतु विमान शत्रूच्या भूमीवर कोसळले म्हणजे हे गृहीत साफ कोसळते. १९७१ च्या युद्धाला अर्धशतक उलटून गेले, तरी त्या युद्धात पश्चिम आघाडीवरून न परतलेल्या चोपन्न भारतीय सैनिकांचे नेमके काय झाले, हे भारत सरकारला अद्याप निश्चितपणे सांगता आलेले नाही. त्यांपैकी निम्म्याच्या जवळपास हवाई दलातील होते. त्यांत एक मराठी नाव आहे : फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. दर डिसेंबरात विजय दिवस साजरा होतो, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. आणि तांबे यांच्यासारख्यांना कोणत्या रांगेत उभे करावे, हा प्रश्न त्या समारंभात कोणी उपस्थित करीत नाही.

एका उड्डाणाची अखेर

विजय तांबे हे हवाई दलाच्या ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते. त्यांचे विमान सुखोई-७ या रशियन बनावटीचे. जमिनीवरील लक्ष्यांवर खालून, वेगाने झेप घेऊन हल्ला करणे हे या विमानाचे काम. या कामात धोका मोठा असतो, कारण विमानवेधी तोफांच्या माऱ्यात शिरल्याखेरीज लक्ष्य गाठता येत नाही. ३ डिसेंबर १९७१ च्या सायंकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटले. दोनच दिवसांनी, ५ डिसेंबर रोजी, पाकिस्तानी पंजाबातील शोरकोट रोड येथील तळावर हल्ला चढविण्यासाठी तांबे गेले, आणि परतले नाहीत. युद्धाच्या त्या दिवसांतच पकडलेल्या भारतीय वैमानिकांसंबंधीची एक बातमी पाकिस्तानी वृत्तपत्रात आली. तिच्यात त्यांच्या नावाशी मिळतेजुळते नाव छापले गेले होते. म्हणजे वैमानिक जिवंत हाती लागला, असे मानण्यास आधार मिळाला. परंतु युद्धकैद्यांच्या यादीत मात्र ते नाव आले नाही.

त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या व अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. विवाहाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. पुढे त्यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडाविभागात नोकरी केली, आणि पतीचा शोध हेच आयुष्यभराचे काम मानले. मंत्रालये, संसद सदस्य, न्यायालये, वृत्तपत्रे असा कोणताही दरवाजा त्यांनी ठोठावावयाचा ठेवला नाही. २००७ साली बेपत्ता सैनिकांच्या चौदा नातेवाइकांना पाकिस्तानातील तुरुंग पाहण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्यांत त्याही होत्या. त्यापूर्वी १९८३ साली अशीच एक लहान तुकडी मुलतानच्या तुरुंगापर्यंत जाऊन आली होती. दोन्ही वेळा मंडळी रिकाम्या हातांनी परतली.

याच युद्धात याच जातीचे विमान चालविणारे दुसरे एक मराठी वैमानिक होते, दिलीप परुळकर. १० डिसेंबरला त्यांचे विमान पडले आणि ते कैद झाले. रावळपिंडीच्या छावणीतून ऑगस्ट १९७२ मध्ये भिंत फोडून ते दोन सहकाऱ्यांसह निसटले, अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोहोचले आणि तेथे पुन्हा पकडले गेले. इतके करूनही १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघा सीमेवरून मायदेशी सुखरूप परतले. परुळकरांच्या धाडसाची कथा थोर आहेच. परंतु त्या कथेतील एक साधी गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांचे नाव यादीत होते. रेडक्रॉसच्या प्रतिनिधींची त्या छावणीत ये-जा होती. ज्याचे नाव यादीत आहे, त्या कैद्याने पळून जाण्याचा गुन्हा केला तरी त्याला परत करावे लागते. ज्याचे नाव यादीत नाही, त्याच्यासंबंधी कोणालाच जाब द्यावा लागत नाही. परुळकर आणि तांबे यांच्या नशिबात जो फरक पडला, त्यात कागदावरील एका नोंदीचा वाटा किती, हा प्रश्न म्हणूनच उरतो.

उचंत खाते

हिशेबाच्या वहीत एक उचंत खाते असते. एखादी रक्कम जमेस धरावी की खर्ची घालावी, हे ठरत नाही, तेव्हा कारकून ती तात्पुरती उचंत खाती टाकतो. कामकाजाची ती सोय असते. परंतु वर्षअखेरीस त्या खात्याचा निकाल लावावा लागतो. तसे न केल्यास तपासनीस जाब विचारतो. राज्यसंस्थेने चोपन्न माणसे अशीच उचंत खाती टाकली, आणि पन्नासांहून अधिक वर्षअखेरी उलटल्या तरी ते खाते मिटविलेले नाही.

कायद्याने अशा प्रसंगाची एक वाट काढून ठेवली आहे. सात वर्षे ज्याच्यासंबंधी काही कळले नाही, तो मृत झाला असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमाने सांगितले होते, आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. रूढीनेही आपल्यापरीने तोड काढली. बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी उरकावा, ही प्रथा महाराष्ट्रात जुन्या काळी माहीत होती. निवृत्तिवेतन, मालमत्ता, वारसा हे प्रश्न या तोडग्यांनी सुटतात. परंतु कायद्याने धरलेले गृहीत म्हणजे घडलेली हकीकत नव्हे. घरच्या माणसाला हकीकत हवी असते.

हकीकत न मिळाल्यास काय होते, याचा मराठी माणसाला जुना अनुभव आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी शंका राहिली, आणि पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे सुखनिधान नावाचा एक इसम भाऊसाहेब म्हणून पुढे आला. या तोतयाने पेशवाईला काही वर्षे हैराण केले आणि १७७६ साली त्याचा शेवट झाला. हे प्रकरण निव्वळ एका लबाडाचे नव्हते. सत्याची जागा रिकामी राहिली म्हणजे तेथे अफवा वस्तीला येते, हा त्याचा धडा आहे. १९७१ च्या बेपत्तांच्या बाबतीतही नेमके हेच घडत आले. तुरुंगातून सुटून आलेला कोणी सांगतो, अमुक एकाला अमुक कोठडीत पाहिले. कोठे एक पत्र येते, कोठे एक छायाचित्र छापले जाते. व्हिक्टोरिया स्कोफील्ड यांनी भुट्टो यांच्या अखेरच्या दिवसांवर लिहिलेल्या पुस्तकात लाहोरच्या तुरुंगातील भारतीय युद्धकैद्यांचा उल्लेख आला, आणि देशभरच्या घरांत पुन्हा आशेचा दिवा लागला. यांतील खरे किती आणि ऐकीव किती, याची शहानिशा एखाद्या पत्नीने वा पित्याने करावी, ही अपेक्षाच अमानुष आहे. ते काम शासनाचे होते.

सिमला येथे काय राहून गेले?

युद्ध संपले तेव्हा भारताच्या ताब्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी होते. इतकी मोठी बाजू हाती असता आपल्या चोपन्न माणसांचा तपास का लागू शकला नाही, हा प्रश्न सामान्य माणूस विचारतो आणि तो रास्त आहे. २ जुलै १९७२ चा सिमला करार, २८ ऑगस्ट १९७३ चा दिल्ली करार आणि १९७४ च्या एप्रिलपर्यंत पूर्ण झालेली पाकिस्तानी कैद्यांची पाठवणी, हा सारा काळ वाटाघाटींचा होता. त्या वाटाघाटींत काश्मीरची ताबारेषा होती, बांगलादेशची मान्यता होती, युद्धगुन्ह्यांचे खटले होते. मोठ्या प्रश्नांच्या त्या गर्दीत लहान यादी मागे पडली. आपल्याकडे आता कोणी कैदी उरलेला नाही, असे पाकिस्तान सांगत राहिले. आणि ९३ हजारांतील शेवटचा कैदी सीमेपार गेल्यावर आपल्या हाती विचारण्याखेरीज काही साधन उरले नाही.

तिसऱ्या जिनिव्हा करारावर दोन्ही देशांच्या सह्या आहेत. युद्ध थांबताच कैद्यांना विनाविलंब सोडावे, आणि प्रत्येक पक्षाने माहिती-कार्यालय उघडून कैद्यांची नावे प्रतिपक्षाला कळवावीत, असे तो करार बजावतो. पाकिस्तानने तो किती पाळला, याचे उत्तर पाकिस्तानने द्यावयाचे आहे. परंतु आपल्या शासनाने स्वतःच्या नागरिकांशी कसा व्यवहार केला, याचे उत्तर इस्लामाबादेत शोधण्याचे कारण नाही.

या व्यवहारातील विसंगती ठळक आहे. १९७९ साली परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी पाकिस्तानच्या ताब्यात असलेल्या भारतीय सैनिकांची एक यादी लोकसभेपुढे ठेवली. पुढेही संसदेत अनेकदा उत्तरे देण्यात आली. युद्धकैद्यांसह ८३ बेपत्ता भारतीय सैनिक पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचे मानले जाते आणि त्यांच्या सुटकेसाठी सरकार प्रयत्नशील आहे, अशी त्यांची भाषा होती. डिसेंबर २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याचा आदेश केंद्राला दिला. सरकारने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २०१२ मध्ये त्या आदेशाला स्थगिती मिळाली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सरळ विचारले, की ही माणसे जिवंत आहेत काय? सरकारच्या वतीने सांगण्यात आले, की आम्हांस ठाऊक नाही. पाकिस्तान त्यांचे अस्तित्व नाकारीत असल्यामुळे ती मृत झाली असे आम्ही धरून चालतो. संसदेत जी माणसे शत्रूच्या ताब्यात, तीच न्यायालयात मृत! एकाच शासनाच्या दोन खात्यांनी एकाच माणसाच्या नावापुढे दोन वेगवेगळ्या नोंदी करणे, याला काय म्हणावे?

याचे कारण कोणाची दुष्टबुद्धी असेल असे नव्हे. चोपन्न कुटुंबे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांत विखुरलेली, त्यांची मतपेढी नाही, संघटना लहान, आणि वर्षागणिक वृद्ध होत जाणारी. शासनाच्या दृष्टीने प्रश्न तसाच ठेवण्याचा खर्च शून्य, आणि उकलण्याचा खर्च मात्र मोठा. कारण जुन्या चुकांचा कबुलीजबाब त्यातून द्यावा लागेल. जो खर्च शासनाने टाळला, तो त्या कुटुंबांनी आयुष्ये देऊन भरला. खर्च नाहीसा होत नसतो. तो कोणाच्या खाती पडतो एवढेच ठरावयाचे असते.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर असे म्हटले जाईल, की इतक्या वर्षांनंतर हे उकरून काय साधणार? त्या वेळचे तरुण अधिकारी आज ऐंशीच्या घरात असते. त्यांपैकी काही जण विमानासह कोसळतानाच गेले असतील. सर्वांच्याच बाबतीत कैदेचा पुरावा सारखा भक्कम नाही. हा आक्षेप खोटा नाही. भावनेच्या भरात प्रत्येक ऐकीव वार्तेला पुरावा मानणे हे त्या कुटुंबांवरही अन्याय करणारे आहे. परंतु याच कारणाने प्रश्नाचे स्वरूप आता स्पष्ट झाले आहे. १९७२ साली मागणी सुटकेची होती. आज मागणी सत्याची आहे, आणि सत्याला मुदत नसते.

सत्य सांगणे जड असले तरी अशक्य नाही, याचे उदाहरण नाशिकनेच पाहिले आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, भारत-पाकिस्तान विमानांची आकाशात झुंज चालू असता, काश्मीरमधील बडगाम येथे हवाई दलाचे हेलिकॉप्टर कोसळले. त्यात नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांच्यासह सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडले. निनाद यांना गोदाकाठी निरोप देण्यात आला. पुढे चौकशीत निष्पन्न झाले, की हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. हे सत्य किती कडू होते, हे सांगण्याची गरज नाही. तरीही त्या कबुलीने हवाई दलाची प्रतिष्ठा कमी झाली नाही. उलट कुटुंबाला निदान हकीकत मिळाली.

काळ लोटला म्हणजे शोध निरर्थक होतो, हेही खरे नाही. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी रोहतांगच्या हिमप्रदेशात १०२ जणांसह नाहीसे झालेल्या हवाई दलाच्या एएन-१२ विमानातील चौघांचे अवशेष २०२४ साली, म्हणजे तब्बल ५६ वर्षांनी, आपल्या सैन्याच्या शोधपथकाने खाली आणले. दुसऱ्या महायुद्धात अरुणाचलच्या डोंगरांत कोसळलेल्या आपल्या विमानांतील माणसांचे अवशेष शोधण्यासाठी अमेरिकेची पथके आली, आणि आपण त्यांना परवानगी दिली. ज्या व्हिएतनामशी अमेरिका लढली, त्याच देशाच्या सहकार्याने ती आपल्या बेपत्ता वैमानिकांचा माग आजही काढते आहे. परक्या देशाच्या सैनिकांसाठी आपल्या डोंगरांची दारे उघडणाऱ्या देशाने स्वतःच्या सैनिकांसाठी शेजाऱ्याच्या दारावर पुन्हा एकदा थाप मारण्यात संकोच कसला?

काय करता येईल

प्रथम, संसद, न्यायालय आणि कुटुंबे यांच्यापुढे सरकारने एकच भूमिका घ्यावी. प्रत्येक नावाची स्वतंत्र श्वेतपत्रिका निघावी : अखेरचे उड्डाण कोणते, सोबतच्या वैमानिकाने काय पाहिले, स्क्वाड्रनच्या दप्तरात काय नोंद आहे, कैदेचा पुरावा कोणता आणि तो कितपत विश्वसनीय आहे. ज्या कागदांनी आज कोणत्याही गुपिताचा भंग होणार नाही, ते कुटुंबांच्या हाती द्यावेत.

दुसरे, दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी परस्परांच्या तुरुंगातील कैद्यांच्या याद्या २००८ च्या करारानुसार एकमेकांना देतात. जिवंतांच्या यादीसाठी ही सोय आहे; मृतांच्या नोंदीसाठी तशीच सोय मागता येईल. विमाने कोठे पडली, कोणाला कोठे पुरले, कोणत्या रुग्णालयात कोण दगावले, याचे दप्तर तेथे कोठेतरी असणारच. आपल्या बाजूकडील अशा नोंदी देण्याची तयारी दाखवून ही मागणी केल्यास तिला वजन येईल. वाट पाहणारी घरे सीमेच्या एकाच बाजूला असतात असे मानण्याचे कारण नाही.

तिसरे, बेपत्ता सैनिकांसाठी कायम स्वरूपाचे कार्यालय असावे. सरकारे बदलतात, अधिकारी निवृत्त होतात, आणि प्रत्येक वेळी नातेवाइकांना तीच हकीकत नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागते. ही विटंबना थांबली पाहिजे.

राहिला प्रश्न समाजाचा. वणी-दिंडोरीच्या परिसराला लढाईची स्मृती जुनी आहे. १६७० साली सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी याच मुलखात मोगलांच्या फौजेशी झुंज दिली, हे येथील विद्यार्थी अभिमानाने सांगतो. परंतु विजयाची स्मृती जपणे सोपे असते. ज्या माणसाची समाधी नाही, पुण्यतिथी निश्चित नाही, त्याची स्मृती जपणे ही समाजाची खरी कसोटी होय. येथील शाळा-महाविद्यालयांतून दर वर्षी १६ डिसेंबरला विजय दिवसाचे कार्यक्रम होतील, तेव्हा छात्रसेनेच्या एखाद्या विद्यार्थ्याने ही चोपन्न नावे वाचून दाखवावीत. त्यास खर्च नाही, परवानगीची गरज नाही, आणि वेळ लागेल तो पाच मिनिटांचा.

ओझरहून उडालेली विमाने यापुढेही वणीच्या आकाशातून जात राहतील. त्यांत बसणारा तरुण एक अलिखित करार करून बसतो : देश सांगेल तेथे मी जाईन, आणि मी परतलो नाही, तर माझे काय झाले ते माझ्या घरी सांगण्याचे काम देशाचे. विजय तांबे यांनी आपली बाजू ५ डिसेंबर १९७१ रोजी पूर्ण केली. दुसऱ्या बाजूची सही अजून व्हावयाची आहे.